भूतबंगल्याची हजेरी

४ ऑगस्ट १९९६, रविवार

जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवली. आता उषा म्हणते, "रिकामं बसून माझ्या डब्यातली शेव संपवण्यापेक्षा स्वतःबद्दल काहीतरी लिहा." म्हणून ही दैनंदिनी. यात खरं तेच लिहीन. खोटी नोंद करण्याची मला सवय नाही.

इंदूरची आमची कापड मिल बंद होऊन पाच वर्षं झाली. तिथे मी टाइमकीपर होतो. सायकल स्टँडपासून बॉयलरपर्यंत सगळे मला टाइमबाबू म्हणत. माझा नियम एकच होता. भोंगा वाजतोय तोवर या. भोंगा थांबला की गेट बंद. त्यात काका-मामा नाही. उषाचा सख्खा भाऊ सुधाकर आमच्याच मिलमध्ये होता. एकदा तो धापा टाकत आला आणि भोंगा नुकताच थांबला होता. मी गेट उघडलं नाही. तो गजाच्या पलीकडून माझ्याकडे बघत राहिला, मग वळून निघून गेला. त्यानंतर तो आमच्याकडे एकाही भाऊबीजेला आलेला नाही. उषाने ते अजून मनात धरलं आहे. उशीर त्याने केला आणि बोलणी मी खातो, याला काय म्हणावं?

असो. आजची नोंद आनंदाची आहे. मला नोकरी लागली. राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानाचे मालक आहेत, त्यांचा मुलगा पियुष राऊच्या रस्त्यावर 'मौजमहल' नावाचा बगीचा काढतो आहे. झोके, पाण्याची घसरगुंडी, चाटचे ठेले आणि एक भूतबंगला. भूतबंगल्याचा मॅनेजर मी.

"श्रीपादजी, आता जमाना मालाचा नाही राहिला," पियुष म्हणाला. "साडी तर कुठे पण मिळते. आता लोकांना अनुभव विकायचा आहे. एकदम हिलवून टाकायचं त्यांना."

मी म्हणालो, "माणसं माझी आणीन." आणि अकरा नावं दिली. सगळी मिलची. अनंत चतुर्दशीला आमच्या मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघे, हलते पुतळे, फिरती चक्रं, दिव्यांच्या माळा, ती हीच मंडळी बनवत. मिल बंद झाल्यापासून कोणी पापड लाटतंय, कोणी सायकली दुरुस्त करतंय. मी पियुषला सांगितलं, यांची जबाबदारी माझी.

तो म्हणाला, "ठीक. दिवाळीपर्यंत बघू. नाही चाललं तर भूतबंगल्यात व्हिडिओ गेमच्या मशीन लावतो. त्याला माणसं लागत नाहीत."

९ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली मीटिंग. विषय: भूत कसं असावं?

मला वाटलं होतं पाच मिनिटांत संपेल. शंकरराव, जे झांकीचे पुतळे घडवत, ते म्हणाले हडळ पाहिजे, पाय उलटे. रमजानभिया बिजलीवाला म्हणाला, "टाइमबाबू, हडळ में क्या दम है? जिन्न रखो. और जिन्न को बल्ब नी लगता, मेरा काम भी आधा." देपालपूरकडचे दोघं म्हणाले, आमच्याकडे चिंचेखाली बसते तीच खरी, बाकी सगळी शहरी. मग सगळ्यांचंच भांडण जुंपलं.

कचरू शांत बसला होता. महूचा, बाप फौजेत, स्वतः मिलमध्ये जॉबर, बिघडलेले माग लावून देणारा. मी विचारलं, "तुझं भूत कसं?"

"साहेब, आम्ही बौद्ध. आमच्या घरात भूत नाही, देव नाही, अंगात येणं नाही."

"मग इथे काम कसं करणार?"

"मशीनचा हात हलवायचा ना? हलवतो. मशीनवर माझा विश्वास आहे."

त्याची बायको आनंदी मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती. ती म्हणाली, अंधारात लपून लोकांच्या मानेवर सुताचा ओला झुपका फिरवीन. ही एकच सूचना मला कामाची वाटली.

शेवटी ठरलं की हडळ, जिन्न आणि चिंचेवाली, तिघांना एकेक खोली द्यायची. सगळे खूश झाले. मीटिंग उशिरा संपली याची मी प्रत्येकाला समज दिली.

१८ ऑगस्ट, रविवार

आज एक मुलगी आली. नाव उर्वी. राऊकडच्या मॅनेजमेंट कॉलेजातून पीएच. डी. करते. खांद्यावर झोळी, हातात टेपरेकॉर्डर.

"काका, मला नं तुमचा इंटरव्ह्यू पाहिजे. माझा शोध आहे, संस्थेत परिवर्तन कसं येतं, वेगवेगळ्या लोकांची टीम कशी चालते, आणि अनुभव विकणाऱ्या धंद्यात नवीन आयडिया कुठून येतात. तीन महिने मी इथेच बसणार. चलेगा ना?"

मी म्हणालो, वेळेवर येणार असशील तर बस.

"तुमच्या टीममध्ये किती प्रकारचे लोक आहेत, काका?"

"एकाच प्रकारचे. उशिरा येणारे."

ती हसली आणि लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही मिलमध्ये होते आणि आता इथे आहे, यात तुमच्यात काय बदल झाला?"

"काहीही नाही," मी म्हणालो. तिने तेही लिहिलं. मुलगी कष्टाळू दिसते.

जाताना सांगून गेली की तिच्या प्रबंधात एक पूर्ण प्रकरण माझ्यावर असेल. मी नाव विचारलं. 'बदलाला होणारा विरोध'. म्हणजे असा विरोध कसा मोडून काढावा, याचं उदाहरण म्हणून मला घेतलेलं आहे. उषाला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिला आनंद आवरत नसावा.

१ सप्टेंबर, रविवार

उद्घाटन झालं. काय लिहू?

मी व्यवस्था चोख ठेवली होती. दहा-दहा माणसांच्या पाळ्या, पाळी आत सोडण्याआधी भोंगा. भोंगा रमजानभियाने सियागंज बाजारातून मोटर आणून बनवला. थेट मिलसारखा वाजतो. भोंगा थांबला की दार बंद.

पण आत घोळ झाला. शंकररावांनी आयुष्यात देवांचेच चेहरे घडवले. हडळीसाठी त्यांनी झांकीतल्या यशोदेचा साचा वापरला, वर काळा रंग दिला आणि केस मोकळे सोडले. चेहरा मात्र यशोदेचाच, मायेने ओथंबलेला. आणि कचरूने तिचा हात हलवला तो असा की अंधारात दिवा लागतो, हडळ हळूच हात उचलते आणि पंजा समोर धरते.

पहिल्या पाळीतल्या बाईने पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला. तिच्यामागच्या नऊ जणांनी केला. तिसऱ्या पाळीत कोणीतरी हडळीच्या पायाशी फूल ठेवलं. संध्याकाळपर्यंत तिथे दोन नारळ आणि एक चुनरी होती.

जिन्नच्या खोलीत अंधार होता. पण रोज बिजली जाणाऱ्या इंदूरच्या माणसाला अंधाराचं काय! आत एकजण ओरडला, "अरे भिया, लाइट गई क्या? जनरेटर चालू करो!" आणि आनंदीने मानेवर ओलं सूत फिरवलं की माणूस दचके, हे खरं, पण तो दचकला की ती लगेच विचारी, "लागलं का हो?"

मी तिला म्हणालो, भुताने विचारायचं नसतं. ती म्हणाली, "माणूस घाबरला की विचारावंच लागतं, टाइमबाबू."

पियुष दिवसभर दाराशी उभा होता. लोक हसत, काही प्रसन्न होऊन बाहेर येत होते. त्याने मला फक्त एवढंच विचारलं, "हे भूतबंगला आहे का मंदिर?"

२६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

सगळे अकरा गैरहजर. मिल बंद आहे तरी वर्गणी काढून झांकी काढतात. मी पियुषला सांगितलं की या दिवशी यांना अडवणं इंदुरात शक्य नाही. तो चिडला.

ते खरोखर झांकीतच आहेत की कुठे झोपले आहेत, हे तपासायला मी स्वतः रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. सगळे होते. शंकरराव कृष्णाच्या रथाच्या चाकाशी, कचरू खाली आडवा होऊन यंत्र सांभाळत. त्याचा देवावर काही विश्वास नाही, पण रथ त्याच्यामुळेच फिरत होता. गर्दीने टाळ्या वाजवल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत धूळ गेली.

६ ऑक्टोबर, रविवार

शेवटी यश! शंकररावांच्या हडळीने आज कमाल केली.

झालं असं. दुपारी रमजानभिया जागेवर दिसेना. बिडी ओढायला आत कुठेतरी बसला असणार, म्हणून मी टॉर्च घेऊन मागच्या दाराने आत शिरलो. नेमकी पाळी चालू होती. मी टॉर्च समोर धरून दरडावलं, "कोण आहे तिकडे? ही काय यायची वेळ आहे? नंबर बोल!"

त्याच क्षणी एक धिप्पाड गृहस्थ अशा किंकाळीने ओरडले की झोक्यावरची मुलं थांबली. ते दोन जणांना घेऊन खाली पडले, उठले आणि बाहेर पळाले. बायको मागे "अहो, अहो" करत. मी वळून पाहिलं तर माझ्या मागेच हडळ हात वर करून उभी होती. शंकररावांनी परवाच तिच्या भुवया जाड केल्या आहेत. त्याचा हा परिणाम. मी त्यांचं जाहीर कौतुक केलं. ते म्हणाले, "टाइमबाबू, भुवयांचं काही नाही हो," आणि कचरूकडे बघू लागले. नम्र माणूस आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज पुन्हा तीनदा. प्रत्येक वेळी योगायोगाने मी आतच होतो. एकदा दोन पोरं बसून भेळ खात होती, त्यांना विचारलं, "किती वाजले कळतं का?" एकदा एक जोडपं कोपऱ्यात रेंगाळत होतं. एकदा एक सरकारी साहेब वाट चुकले. मी प्रत्येकाला फक्त उशिराचं कारण विचारलं. तिन्ही वेळा हडळीला पाहून लोक जिवाच्या आकांताने पळाले. सरकारी साहेबांचा चष्मा आतच राहिला.

उर्वी दारात टेपरेकॉर्डर घेऊन उभी होती. हसून हसून तिला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाईट दिवस. पियुषने सांगितलं, मशीनवाल्याशी बोलणं झालं. दिवाळीनंतर व्हिडिओ गेम. "तुम्ही राहा श्रीपादजी, तिकीट खिडकीवर. बाकी अकरा लोकांना बोलून द्या."

मी म्हणालो, "पण हल्ली लोक घाबरतात! हडळीच्या भुवया..."

त्याने कपाळाला हात लावला. मग उर्वी पुढे आली. म्हणाली, "काका, रागावू नका. लोक हडळीला नाही घाबरत. तुम्हाला घाबरतात."

मी म्हणालो, काहीतरीच काय.

"खरं सांगते. मी सगळ्यांना विचारलं, टेप केलंय. तो पहिला माणूस मिलमध्ये होता, तो म्हणे टाइमबाबू मेला नाही का? आणि तो साहेब तर मिलचा पण नव्हता. काका, भूत कोणी पाहिलंय? लेट तर सगळेच झालेत."

पियुषच्या डोळ्यांत चमक आली. "यार, ये तो आयडिया है! श्रीपादजी, हडळ हटाव. तुम्हीच उभे राहा. काळा कोट, शिट्टी, टॉर्च. हे चाललं तर मशीन कॅन्सल. सगळे लोक राहतील."

मी त्याला सांगितलं की मी मॅनेजर आहे, भूत नाही. सव्वीस वर्षं मी इमानाने नोकरी केली ती लोकांना करमणूक व्हावी म्हणून नव्हे. आणि घरी निघून आलो.

राग आला, खूप राग आला. रागापेक्षा जास्त लाज वाटली. मला वाटायचं, लोक मला मान देतात.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज कामावर गेलो नाही. आयुष्यातली पहिली गैरहजेरी.

उषाला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. ती भाजी निवडत म्हणाली, "घरात इतकी वर्षं फुकट करता. तिथे तिकीट लावतील."

मी ताटावरून उठलो. ती मागून म्हणाली, "त्या अकरा जणांना घरोघर जाऊन कोणी बोलावून आणलं होतं? मान तुमचा मोठा का त्यांच्या चुली?"

संध्याकाळी कचरू आणि आनंदी आले. मला वाटलं, विनवायला आले. पण त्यांनी तो विषयच काढला नाही. बसले, चहा घेतला. कचरूने आमची दाराची कडी सैल झाली होती ती घट्ट करून दिली. निघताना आनंदी म्हणाली, "टाइमबाबू, उद्या येताय ना? तुम्ही नसलात की सगळे वेळेवर येतात. बरं नाही वाटत."

हे कौतुक होतं की काय, ते मला कळलं नाही. पण गेल्यावर मी ट्रंकेतला काळा कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तो उषाने उन्हात टाकला, मी सांगायच्या आधीच.

दसरा

उभा राहिलो.

शंकररावांनी गजाचं गेट बनवलंय, हुबेहूब आमच्या मिलचं. रमजानभियाने खालून एक पिवळा दिवा सोडलाय. हडळीला मी हलवू दिलं नाही, ती माझ्यामागे आशीर्वाद देत असते. पाळी आली की मी गजामागून पुढे येतो आणि जे मिलमध्ये म्हणत होतो तेच म्हणतो. जिभेवर येतील ते मिल-कामगारांचे टोकन नंबर पुकारतो. नावं मला कधी लागली नाहीत, नंबर मात्र सगळे पाठ आहेत. मग टॉर्च एखाद्याच्या तोंडावर धरून विचारतो, "इतका उशीर?"

वकील ओरडले, डॉक्टर ओरडले. एक शाळामास्तर म्हणाले, "उद्यापासून नाही होणार, सर." बाहेर रांग झोक्यांच्या पलीकडे गेली होती.

मी अभिनय अजिबात करत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज संध्याकाळच्या पाळीत मी नेहमीप्रमाणे नंबर पुकारत होतो. "चारशे एकोणीस!"

अंधारातून आवाज आला, "हाजिर."

मी थांबलो. असं कोणी उत्तर देत नाही, लोक ओरडतात. मी टॉर्च फिरवली. एक म्हातारा उभा होता, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले. बॉयलरवर होता. मी तोंड पाहिलं नसतं तरी आवाज ओळखला असता.

जिभेवर जे बसलंय तेच आलं. म्हणालो, "लेट."

त्याचे डोळे भरले आणि तो हसला. म्हणाला, "पाच साल हो गए बाबूजी, किसी ने पूछा ही नी कि आया कि नी आया."

मग नमस्कार करून पुढे गेला. त्या पाळीतलं कोणीच ओरडलं नाही. आनंदीसुद्धा सूत फिरवायची विसरली.

३ नोव्हेंबर, रविवार

बातमी फिरली. परदेशीपुऱ्यातून, नंदानगरातून आज मिलचे लोक आले. कोणी काठी टेकत, कोणी नातवाला घेऊन. शेवटच्या पाळीला सगळे जमले आणि नंबर पुकारल्यावर एकेक जण "हाजिर" म्हणत गेला. एकाने नातवाला पुढे ढकललं आणि सांगितलं, "बघ, हे आमचे टाइमबाबू. यांच्यामुळे तुझा बाप मला खडूस म्हणतो."

पियुष खिडकीवर होता. तो यांची तिकिटं फाडायला लागला तेव्हा मी आडवा आलो. सांगितलं, "शेवटची पाळी हजेरीची. हजेरीला पैसे घेत नाहीत. कुठल्याच मिलमध्ये घेतले नाहीत."

"अहो, पण हा धंदा आहे, श्रीपादजी!"

"मग दुसरा टाइमकीपर बघा," मी म्हणालो.

त्याने तिकिटांचं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण मग लोक भूतबंगल्यातून रडत बाहेर येतात, ते बाकीच्यांना काय सांगू?"

उर्वी म्हणाली, "सांगा, अनुभव आहे. हेच विकायचं होतं ना तुम्हाला?"

पाडवा

पियुष पेढे घेऊन घरी आला. मशीनवाल्याला नाही म्हणून कळवलं. अकराही जण कायम. मला कळल्याबरोबर मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं आणि उद्या वेळेवर यायची ताकीद दिली. शंकररावांनी मिठी मारली. मला हे आवडत नाही, पण सणाचा दिवस म्हणून सोडून दिलं. आनंदीने करंज्या दिल्या आणि मी खायला लागल्यावर तिनेच विचारलं, "लागलं का हो?" सगळे इतके हसले की मला कळेना, यात विनोद काय.

भाऊबीज

सकाळी उषा म्हणाली, "आज सुधाकर येणार आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. "इथे?"

"इथे नाही. तुमच्या त्या हजेरीला. हातोद गावी धान्याच्या मंडीत असतो हल्ली, तिथे कोणीतरी सांगितलं त्याला. त्याने निरोप पाठवलाय, माझा नंबर पुकारतात का बघायचंय. बसने येईल."

ओवाळणीचं ताट कापडाखाली झाकून माझ्याबरोबर निघाली. भूतबंगल्याच्या दाराशी ताट घेऊन उभी राहिली. येणारे-जाणारे तिला खेळाचाच भाग समजून घाबरत होते. तिने कोणाकडे पाहिलं नाही, सगळं लक्ष राऊच्या रस्त्यावर.

शेवटच्या पाळीची वेळ झाली. मिलचे लोक आत उभे. मी गजामागे. रमजानभियाने भोंगा सुरू केला. दार ओढायच्या दोरीपाशी आनंदी होती, आणि दारातून मला रस्ता दिसत होता. रस्त्यावर बस नव्हती.

भोंगा संपत आला. आनंदीने माझ्याकडे पाहिलं. कचरूने पाहिलं. आतले सगळेच, सगळे जुने लोक माझ्याकडे बघत होते. त्यातल्या प्रत्येकाला माझा नियम ठाऊक. उषाने मात्र माझ्याकडे वळून पाहिलं नाही. तिची पाठ मला दिसत होती आणि ताटातलं निरांजन हलत होतं.

"टाइमबाबू, बंद करूं?" रमजानभियाने विचारलं. त्याचा हात बटणावर होता.

"मी सांगितल्याशिवाय भोंगा थांबवायचा नाही," मी म्हणालो.

भोंगा वाजत राहिला. झोके थांबले. चाटवाले पळत आले, कुठे आग लागली म्हणून. पियुष कानावर हात ठेवून माझ्याकडे काहीतरी ओरडत होता, ऐकू येत नव्हतं. राऊच्या रस्त्यावरचे ट्रक थांबले. मोटरमधून धूर यायला लागला तशी कचरूने पळत जाऊन तिच्यावर ओलं फडकं धरलं. भोंगा वाजतच होता.

मग बस आली. सुधाकर उतरला. केस पिकलेत. तो आवाज ऐकून क्षणभर उभा राहिला आणि मग धावत सुटला, त्या वयात, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने धोतर सांभाळत, तसाच जसा त्या दिवशी आला होता. उषाच्या जवळून धापा टाकत आत शिरला आणि गजासमोर येऊन उभा राहिला.

मी रमजानभियाला खूण केली. भोंगा थांबला. आनंदीने दार लावलं.

"तीनशे बारा," मी म्हणालो.

"हाजिर," सुधाकर म्हणाला.

मी टॉर्च लावली नाही. "वेळेवर आहेस," म्हणालो. "पुढे जा. बहीण ताट घेऊन उभी आहे."

त्याने गजातून हात आत घालून माझा हात धरला. मागे हडळ आशीर्वाद देत होती.

बाहेर आल्यावर उर्वी भेटली. नाक पुसत होती, सर्दी झाली असावी. म्हणाली, "काका, आता चॅप्टरचं नाव बदलावं लागेल. तुम्ही किती बदललात."

मी तिला स्पष्ट सांगितलं, की संशोधन करायचं तर नोंद बरोबर कर. सुधाकर आत आला तेव्हा भोंगा वाजत होता. नियमाप्रमाणे तो वेळेवर होता. भोंगा थांबल्यावर मी आजवर एकदाही गेट उघडलेलं नाही, आणि उघडणार नाही.

सुधाकर आज आमच्याकडेच जेवला. बाहेरच्या खोलीत झोपला आहे, घोरतो आहे. उषा अजून स्वयंपाकघरात भांडी आवरतेय आणि गुणगुणतेय.

भोंग्याची मोटर जळाली. उद्या सियागंजात जाऊन नवी आणायची. जरा जास्त वेळ चालेल अशी.